सोलापुरातला जुना रिसेल फ्लॅट: फरशी नंतर बघा, आधी हौद आणि कॉलम

विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर, रेल्वे लाईन्स, मुरारजी पेठ. कुठल्याही गल्लीत शिरा, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, लिफ्ट नसलेली तीन मजली अपार्टमेंट दिसते आणि तिच्यात एखादा टू बीएचके विकायला काढलेला असतो. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, गंजलेल्या लोखंडी खिडक्या, बाथरूमच्या भिंतीवर ओलीचे डाग. नव्या स्कीमपेक्षा किंमत कमी, खोल्या मात्र मोठ्या आणि बाजार, शाळा, दवाखाना जवळ. असा फ्लॅट घ्यावा का?

आमचं मत: घ्यावा, पण इमारत चांगली असेल तरच. फरशी, ओटा, वायरिंग, नळ, दारं, रंग हे सगळं पैसे मोजून बदलता येतं. पाण्याचा हौद, कॉलम, ड्रेनेज आणि कागदपत्रं एकट्याच्या पैशाने बदलत नाहीत. बहुतेक जण पाहणीला जातात आणि पाऊण तास फ्लॅटमध्ये, पाच मिनिटं जिन्यात घालवतात. ते उलटं करायला हवं.

पाण्यापासूनच सुरुवात करा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्या भागाची पाळी येईपर्यंत इमारतीने साठवलेल्या पाण्यावरच भागवायचं असतं. म्हणून हौद किती लिटरचा, हा पहिला प्रश्न. हिशेब सोपा आहे. माणशी रोज 135 लिटर हे शहरी पुरवठ्याचं प्रमाण मानलं जातं. बारा फ्लॅट आणि घरटी चार माणसं धरली तर 48 माणसांना रोज 6,480 लिटर लागतात. पाणी चौथ्या दिवशी येत असेल तर जवळपास 26,000 लिटर साठा हवा. म्हणजे आतून तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर खोल एवढा हौद. जुन्या इमारतीत तो बऱ्याचदा याच्या निम्माही नसतो, कारण बांधला तेव्हा पाणी जास्त वेळा येत होतं. झाकण उघडायला लावा, टेप आणि काठी घेऊन मापून बघा. हौदाशेजारून ड्रेनेजची लाईन किंवा चेंबर जात असेल तर दोघांमधलं अंतर आणि हौदाच्या भिंतीवरचे डाग नीट पाहा. भेग पडलेल्या हौदात शेजारच्या चेंबरचं पाणी झिरपतं, आणि ते कळतं तेव्हा आजार घरात आलेला असतो.

बोअर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. मे महिन्यात ती किती वेळ चालते, हे विकणाऱ्याला नव्हे तर वॉचमनला किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा. बोअरचं पाणी जड असतं. गीझर, शॉवर, नळाच्या जाळ्या यांच्यावर पांढरा थर धरला असेल तर बोअरचं आणि महापालिकेचं पाणी एकाच टाकीत जातंय असं समजा. दोन वेगळ्या टाक्या आणि दोन वेगळ्या लाईन असलेली इमारत मिळाली, तर त्यासाठी थोडी जास्त किंमत मोजणंही परवडतं.

आता कॉलम. पार्किंगमध्ये जा. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतचा भाग, सांडपाण्याच्या पाईपमागचा कॉलम आणि जिन्याच्या खालची बाजू या तीन जागा सगळ्यात आधी बिघडतात, कारण तिथे ओल टिकून राहते. कॉलमवर उभी, सरळ, सळईच्या रेषेत गेलेली भेग दिसली तर आतलं लोखंड गंजतंय. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं. ते फुगतं आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून फोडतं. नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक, ढबढब आला तर आवरण सुटलेलं आहे. फक्त पार्किंगमधले कॉलम ताजे रंगवलेले किंवा नुकतेच गिलावा केलेले दिसले तर जास्तच चौकशी करा. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मसाल्याने भरणं ही दुरुस्ती. नुसता गिलावा मारला तर आतला गंज चालूच राहतो आणि काही पावसाळ्यांत भेग पुन्हा वर येते.

सगळ्याच भेगांना घाबरायचं कारण नाही. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली आडवी, केसाएवढी भेग जुन्या घरांत नेहमीची. जाळी लावून गिलावा केला की भागतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेली भेग मात्र पाया खचल्याची खूण असू शकते. काळ्या मातीचा थर जाड असेल आणि पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंत हलते. अशा भेगेवर काचेची पट्टी चिकटवून महिनाभर ठेवतात. पट्टी तडकली तर हालचाल अजून चालू आहे.

शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा. रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा जोखायचं उपकरण) आणि काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन टाकून करायची चाचणी एका सकाळीत होते. काँक्रीट गुलाबी झालं तर त्याची क्षारता शाबूत आहे, सळईला अजून संरक्षण आहे. रंग आलाच नाही आणि तो पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर गंजाला मोकळी वाट मिळाली. सोसायटी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. इमारत 1993 च्या आधीची असेल तर त्या वर्षीच्या 30 सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपानंतर काही दुरुस्ती केली का, तेही विचारा.

फ्लॅटच्या आत सगळ्यात खर्चिक दुखणं म्हणजे संडास-बाथरूम, आणि ते आपल्या नव्हे तर खालच्याच्या छतावर दिसतं. म्हणून खालच्या मजल्यावरची बेल वाजवा आणि त्यांच्या बाथरूमचं छत दाखवायला सांगा. पांढरा लोणा, पोपडे, उघडी सळई यांपैकी काहीही दिसलं तर बाथरूम मुळापासून करायचं आहे, असं धरूनच भाव ठरवा. फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून हे बरं होत नाही.

कारण असं. बाथरूमचा स्लॅब आठ ते बारा इंच खाली सोडलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर फरशी बसवलेली असते. नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला किंवा जुना वॉटरप्रूफिंगचा थर मेला की ते तुकडे स्पंजासारखे पाणी धरून बसतात. सात बाय चारच्या बाथरूममध्ये दहा इंच भर असेल तर ते साधारण 23 घनफूट होतात, आणि भिजल्यावर त्यांचं वजन टनाच्या वर जातं. ते सगळं काढावं लागतं. मग स्लॅब आठवडाभर वाळू द्यायचा, कोपऱ्यांना मसाल्याची गोलाई द्यायची, पाईपभोवतीची भोकं ग्राउटने भरायची, पॉलिमर-सिमेंटचे दोन हात आडवे-उभे द्यायचे. भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. त्यानंतर चार इंच पाणी भरून 48 तास ठेवायचं आणि खालच्यांकडे जाऊन छत बघायचं. यासाठी 260 लिटर पाणी लागतं. नेमकी ही पायरी ‘पाण्याची टंचाई आहे’ म्हणून गाळली जाते. ती गाळू देऊ नका, टँकर मागवावा लागला तरी चालेल. परत भरताना विटांऐवजी हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरले तर स्लॅबवरचं ओझं बरंच कमी होतं.

पाण्याच्या पाईपची परीक्षा बादलीने होते. भिंतीत गाडलेला अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप जड पाण्याने आतून भरत येतो, शेवटी पेन्सिल जाईल एवढंच भोक उरतं. टाकी भरलेली असताना स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून दहा लिटरची बादली लावा. दीड मिनिटाहून जास्त लागलं आणि पहिली धार तांबूस आली तर सगळी लाईन बदलायची. तिसऱ्या मजल्यावर टाकी जवळ असल्याने दाब मुळातच कमी असतो, तेवढी सूट द्या. नव्या लाईनला गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणारा प्लास्टिक पाईप) घ्या. भिंत बंद करायच्या आधी दाबाची चाचणी घ्या आणि उघड्या झिऱ्यांचे फोटो टेप लावून काढा. पुढे खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात.

वायरिंगबद्दल थोडक्यात. चिनी मातीचे फ्यूज, अॅल्युमिनियमची तार किंवा दोनच तारा असलेला प्लग दिसला तर पूर्ण वायरिंग नवीन. सोलापूरच्या उन्हाळ्यात एसीशिवाय राहायचं कुणी ठरवत नाही, तेव्हा दीड टनाच्या प्रत्येक एसीला वेगळी 4 चौरस मिमी तांब्याची तार, प्लगला 2.5, दिव्या-पंख्यांना 1.5 आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघून ठेवा. अर्थिंग मात्र इमारतीचं असतं. आपल्या इथल्या कोरड्या जमिनीत त्याच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं कुणी पाणी घातलेलं नसतं, ते मोजून घ्या.

मोझॅक सरसकट उखडू नका. फरशी खचलेली नसेल, पोकळ वाजत नसेल तर मशीनने पॉलिश करून घ्या. उन्हाळ्यात तिच्यासारखा गारवा नाही. उखडायचीच ठरली तर 600 चौरस फुटांतून दोन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आसपास राडारोडा निघतो आणि तो जिन्याने खाली उतरवायचा असतो, ही मजुरी कोटेशनमध्ये आहे का बघा. जुनी न काढता तिच्यावर 40 मिमी मसाला टाकून नवी बसवली तर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन वाढतं. जुन्या स्लॅबवर हे नको. टाईल अॅडहेसिव्हने बसवली तर वजन याच्या चौथ्या भागावर येतं, फक्त दारं खालून कापावी लागतात. आणि गॅलरी. बाहेर लोंबत्या गॅलरीच्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. तिथली फरशी ब्रेकर लावून फोडली तर नेमकी तीच दुखावते. तिथे छिन्नीनेच काम करायला सांगा, आणि गॅलरी आधीच विटांनी बंद केलेली असेल तर कडेची भेग बघा.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही इमारतींत कॉलम नसतात, नऊ किंवा चौदा इंची भिंतीच भार घेतात. तिथे हॉल-किचन एक करायचा विचार सोडून द्या.

वरचा मजला स्वस्त मिळतो, त्याला कारण ऊन आणि गळती. गच्चीवरचा कोबा ठोकून बघा. सोसायटीत गच्चीची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, पण शिल्लक निधी किती आहे हे पासबुकावरूनच कळतं.

कागद बघताना ती इमारत सोसायटी आहे की 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालची, हे आधी ठरवा. सोसायटी असेल तर भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स). अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि डीड ऑफ अपार्टमेंट. दोन्ही नसतील आणि मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव असेल, तर उद्या पुनर्विकास करताना सगळ्यांची अडवणूक होते. बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, वापर परवाना, पहिल्या खरेदीपासूनची सगळी खरेदीखतं आणि सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू), मिळकत कर आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला हे मागा, आणि मालकीचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. महारेराकडे (गृहप्रकल्पांच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) जाता येईल या भरवशावर राहू नका. रेरा कायदा जुन्या पूर्ण इमारतींसाठी नाही. क्षेत्र कागदावर बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलेलं असतं, भाव ठरवताना स्वतः टेप लावून कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) मोजा.

पैशांचा घोळ होतो तो हातातल्या रकमेचा. समजा सौदा 30 लाखांचा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार, नोंदणी फी 30 हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत. बँक फार तर 90 टक्के देते आणि मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाही. जुन्या इमारतीचं मूल्यांकन सौद्यापेक्षा कमी आलं तर कर्ज आणखी घटतं. नूतनीकरणाला 6 लाख धरले, तर 3 लाख, 2 लाख 10 हजार आणि 6 लाख मिळून 11 लाखांवर रक्कम स्वतःची हवी. सोसायटीचा हस्तांतरण अधिमूल्याचा (फ्लॅट नव्या नावावर करताना ती घेते त्या रकमेचा) आकडा महापालिका क्षेत्रात 25,000 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. जास्त मागितला तर लेखी मागा. आणि नूतनीकरणाच्या अंदाजावर 15 टक्के वेगळे ठेवा, कारण भिंत उघडल्याशिवाय पाईप दिसत नाही.

त्याच भागातला तयार, नीट केलेला फ्लॅट कितीला जातो ते काढा. त्यातून दुरुस्ती, ते 15 टक्के आणि काम चालू असतानाचं तीन-चार महिन्यांचं घरभाडं वजा करा. उरतो त्याच्यावर एक रुपयाही देऊ नका. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. एप्रिल-मेच्या उन्हात गिलाव्याला सात दिवस पाणी मारायला ना पाणी पुरतं, ना ते टिकतं.

विसार पावती करताना तिच्यात तीन अटी लिहून घ्या: बँकेचं कर्ज मंजूर न झाल्यास, वकिलाच्या शोधात बोजा निघाल्यास, किंवा इंजिनिअरच्या पाहणीत कॉलमचं काम निघाल्यास विसार पूर्ण परत. या अटींना विकणाऱ्याने नकार दिला, तर तो का देतोय हे पुन्हा एकदा पार्किंगमध्ये जाऊन बघा.