लिस्टचं एक्सएमएल: ॲट्रिब्यूट की आयएक्सएमएलसिरियलायझेबल?

दारव्ह्याकडच्या जिनिंगसाठी कापूस-आवकेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका भाऊचा प्रश्न: सी-शार्पच्या लिस्टचं एक्सएमएल केलं की ‘ॲरेऑफपावती’ असं रूट (सगळ्यात बाहेरचा टॅग) येतं, ते बदलू कसं?

मेहनत पाहिली तर ॲट्रिब्यूट, म्हणजे कोडात क्लासवर अन् त्याच्या भागांवर लावायच्या खुणा, सोपे. लिस्ट साध्या क्लासात ठेवा, एक्सएमएलरूट अन् एक्सएमएलॲरेआयटम लावा. एक्सएमएल परत वाचणंही आपोआप जमतं. रूटचं नाव थेट एक्सएमएलसिरियलायझरच्या (एक्सएमएल बनवणाऱ्या क्लासच्या) कन्स्ट्रक्टरलाही देता येतं, पण मग तो सिरियलायझर स्टॅटिक ठेवा, म्हणजे एकदाच बनवून तोच वापरा राजेहो! दरवेळी नवा केला तर दरवेळी नवी असेंब्ली (तयार कोडचा गठ्ठा) मेमरीत बनते अन् मेमरी फुगत जाते. काट्यावरचा कॉम्प्युटर सीझनभर बंदच होत नाही.

दुसरा मार्ग आयएक्सएमएलसिरियलायझेबल या इंटरफेसचा: त्यात राइटएक्सएमएल (लिहिणारी) अन् रीडएक्सएमएल (वाचणारी) या मेथड दोन्ही हातानं लिहा, दोन्ही सांभाळा.

फक्त नावं-क्रम बदलायचे असतील तर ॲट्रिब्यूट. टॅगचं नावच डेटावरून, म्हणजे कापसाच्या वाणावरून ठरणार असेल, तर आयएक्सएमएलसिरियलायझेबल.