नागीण, गेरू आणि शहापूरचं औषध दुकान

आईच्या बरगडीखाली नागीण उठली. शेजारच्या काकूंनी गेरू लावला, वर "दोन्ही टोकं जुळू देऊ नका" म्हणून घाबरवलं. (जुळत नाहीत ती. कांजिण्यांचाच विषाणू एका नसेतून उठतो, सहसा एकाच अंगाला.)

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बेळगावच्या शहापुरातल्या या औषध दुकानात गेलो. असायक्लोव्हिर (विषाणूवरची गोळी) ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मालकांनी गोळ्या काढल्या, पण हातात देईनात. "आईंना किडनीचं काही हाय काय हो?"

होतं की! रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं), आणि डॉक्टरांना सांगायचं मीच विसरलो. मालकांनी तिथूनच फोन लावून दिला, डॉक्टरांनी डोस उतरवला. "पाणी भरपूर पाजा, आणि आजच सुरू करा, पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत बरं." पाकिटावर वेळा सवयीनं कन्नडमध्ये लिहिल्या, आईला वाचता येत नाही म्हटल्यावर खोडून मराठीत लिहिल्या. मलम मागितलं तर "पैसे कशाला घालवताय?" म्हणून परत फिरवलं.

गाडी लावायला जागा नाही, संध्याकाळी गर्दी मरणाची. सकाळी दहाच्या आत जावा.