सॉर्टपेक्षा आर्गसॉर्ट: नमपाय काही महिने वापरल्यावर

गेले काही महिने नमपाय (पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी) रोजच्या वापरात आहे, आणि त्यातही सगळ्यात जास्त सॉर्टिंग, म्हणजे आकडे क्रमाने लावणं. माझा डेटा म्हणजे पावसाच्या दैनंदिन नोंदी: केंद्राचा क्रमांक, तारीख, मिलिमीटर. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, म्हणून इकडे वळलो. वळलो ते बरंच झालं.

नव्याने येणाऱ्याला मी एकच सांगेन, 'सॉर्ट' शिकून थांबू नका. खरं काम 'आर्गसॉर्ट' करतं. तीन रकान्यांचा अख्खा अ‍ॅरे (आकड्यांचा तक्ता) सॉर्टला दिला, तर तो प्रत्येक ओळीतल्या आकड्यांचाच क्रम लावतो. अक्ष शून्य (म्हणजे वरून खाली) सांगितला, तर प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे लागतो. दोन्हीकडे कुठला पाऊस कुठल्या केंद्राचा हे नातं तुटतं, आणि एरर तर येतच नाही. आर्गसॉर्ट मूळ आकड्यांना हात लावत नाही, कुठल्या जागेवरचा आकडा आधी घ्यायचा तेवढं सांगतो. ४२, ७, १९ दिले की उत्तर येतं १, २, ० (मोजणी शून्यापासून). हाच क्रम तिन्ही रकान्यांना लावला की ओळी शाबूत राहतात.

उतरता क्रम मात्र डोकं खातो. मी वापरतो त्या २.० आवृत्तीत त्यासाठी पर्यायच नाही. चढता लावून उलटा करावा, तर 'नॅन', म्हणजे न मिळालेल्या नोंदी, एरवी शेवटी जातात त्या थेट पहिल्या येतात. सर्वाधिक पावसाच्या यादीत वरती नॅन! दशांश आकडे असतील तर उणे चिन्ह लावून आर्गसॉर्ट करावं, म्हणजे नॅन शेवटीच राहतात. पण रकाना चिन्हरहित (उणे आकडे न ठेवणाऱ्या) पूर्णांकांचा असेल तर ही युक्ती चालत नाही: उणे शून्य शून्यच राहतं, १ चा मात्र सगळ्यात मोठा आकडा होतो, आणि कोरडा दिवस यादीत पहिला येतो. आधी प्रकार बदलून घ्या.

'काइंड', म्हणजे सॉर्टिंगची पद्धत, न देता सॉर्ट केलं तर क्विकसॉर्ट ही पद्धत चालते. नाव ते असलं तरी आत इंट्रोसॉर्ट ही तिची सुधारित पद्धत आहे, आणि समान आकड्यांचा मूळ क्रम टिकेल याची हमी नाही. एकाच दिवशी दोन केंद्रांवर सारखा पाऊस असेल तर याने फरक पडतो, म्हणून मी नेहमी 'स्टेबल' देतो. त्यात १६ बिटांपर्यंतच्या पूर्णांकांना रॅडिक्स सॉर्ट लागतो, दशांशांना टिमसॉर्ट. एकापेक्षा जास्त रकान्यांनुसार क्रम लावणाऱ्या 'लेक्ससॉर्ट'मध्ये शेवटची किल्ली (ज्यानुसार क्रम लावायचा तो रकाना) मुख्य असते: आधी केंद्रानुसार आणि मग तारखेनुसार हवं असेल, तर तारीख आधी आणि केंद्र शेवटी द्यायचं. हे अजूनही मला उलटंच वाटतं.

वेगाबद्दल तक्रार नाही. नमपायच्या १.२५ आवृत्तीपासून एव्हीएक्स-५१२ आणि २.० पासून एव्हीएक्स२ (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) असलेल्या प्रोसेसरवर सॉर्टिंगला चांगलाच जोर आला आहे.

फक्त वरचे दहा दिवस हवे असतील तर पूर्ण सॉर्ट करूच नका. 'आर्गपार्टिशन' ते दहा वेगळे काढून देतं, त्यांच्या आपसातल्या क्रमाची हमी मात्र नसते. मग त्या दहांवरच आर्गसॉर्ट चालवायचं.