मनगट मोडलंय: प्लास्टर, तारा की प्लेट?

शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून पाय सटकला किंवा ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरली, की माणूस पडता पडता हात टेकतो आणि मनगटाजवळ रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं पुढच्या हाताचं हाड, मोडतं. एक्स-रे हाती येताच घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ऑपरेशन नको, प्लास्टरवर भागेल. दुसरा म्हणतो, प्लेट टाका आणि मोकळे व्हा. खरा निर्णय ठरतो तो एक्स-रेमधल्या तीन मापांवर, रुग्णाच्या वयावर आणि तो त्या हाताने काय काम करतो यावर.

धड मनगटात रेडियसचं टोक तळव्याच्या बाजूला साधारण ११ अंश कललेलं असतं. मोडल्यावर बहुधा ते उलटं, हाताच्या पाठीकडे झुकतं. हाड ओढून बसवल्यानंतरच्या एक्स-रेबद्दल डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: मागचा कल किती, हाड किती आखूड झालं आणि सांध्याच्या पृष्ठभागात पायरी पडली आहे का. कल १० अंशांच्या आत, आखूडपण ३ मिलिमीटरच्या आत आणि पायरी २ मिलिमीटरच्या आत असेल, तर प्लास्टर हाच पहिला पर्याय. त्याला कमी दर्जाचा उपचार समजू नका.

प्लास्टरची खरी अडचण पुढच्या दोन आठवड्यांत येते. सुरुवातीला सूज असते, म्हणून अर्धं प्लास्टर, म्हणजे स्लॅब घालतात. सूज उतरली की ते सैल पडतं आणि आतलं हाड सरकतं. मागच्या बाजूला हाडाचा चुरा झाला असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याचा एक्स-रे चुकवायचा नाही, मग चवथ असो की घरातलं लग्न. तीन आठवडे उलटले की हाड वाकडंच जुळू लागतं, नुसतं ओढून बसत नाही. तपासणीला वेळेवर जाणं जमणार नसेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. निवड करताना त्याला खरोखरच वजन आहे.

तारांचा पर्याय मधला. त्वचेतून दोन-तीन बारीक तारा घालून हाड धरून ठेवतात, वर प्लास्टर असतंच. चार ते सहा आठवड्यांनी तारा काढतात. तारांच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती जागा कोरडी ठेवायला फार जपावं लागतं. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, बसवलेल्या हाडासाठी नुसतं प्लास्टर आणि तारा यांची तुलना झाली. वर्षभरानंतर हाताच्या कामात फरक दिसला नाही. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठातल्या एकाला पहिल्या सहा आठवड्यांत ऑपरेशन लागलं. प्लास्टर निवडताना ही शक्यता मनात धरूनच निवडा.

प्लेट म्हणजे ऑपरेशन करून हाडावर स्क्रूंनी बसवलेली धातूची पट्टी. तिचा मोठा फायदा म्हणजे लवकर हालचाल. साधारण दोन आठवड्यांत मनगट हलवायला आणि हलकी कामं करायला परवानगी मिळते. पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाले), सुतार, रेंदेर (माडाची सूर काढणारे), स्वयंपाकी अशांना हे मोलाचं. पण जड उचलणं आणि दुचाकी चालवणं हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, थांबवावंच लागतं. प्लेट फार पुढे बसली किंवा स्क्रू लांब पडला, तर अंगठ्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, त्यावर घासून तुटू शकते. कित्येक महिन्यांनी अंगठा वळवताना घासल्यासारखं वाटलं, तर लगेच दाखवा. पासष्टीपुढच्या माणसाचं बंद (त्वचा न फाटलेलं) फ्रॅक्चर असेल, तर वर्षभरानंतर प्लेट आणि प्लास्टर यांत कामाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. मनगट दिसायला थोडं वाकडं राहिलं तरी हात चालतो. आजीला भूल देण्याआधी हे घरच्यांनी नक्की लक्षात घ्यावं.

जखमेतून हाड बाहेर आलंय, बोटं बधिर किंवा पांढरी पडलीत, किंवा सांधाच तळव्याच्या बाजूला सरकलाय, अशा वेळी पर्यायांची चर्चा करत बसू नका. १०८ बोलवा आणि रुग्णालय गाठा. हाडवैद्याकडे तेल चोळून घट्ट पट्टी बांधण्याचा मार्ग मात्र कोणत्याही फ्रॅक्चरला नको. सुजलेल्या हातावर आवळलेली पट्टी रक्तपुरवठा तोडते आणि एक्स-रेशिवाय हाड कुठे आहे हे कळतच नाही.

प्लास्टर कोणतं, हाही प्रश्न येतो. बसवलेल्या हाडाला साधं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) जास्त चांगला आकार देतं, पण पूर्ण वाळायला दोन ते तीन दिवस लागतात, पावसात जास्तच. फायबरग्लास अर्ध्या तासात घट्ट होतं, हलकं असतं. मात्र आतला कापूस भिजला तर त्यातही त्वचा कुजते.

खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड सोबत न्या आणि दाखल होण्यापूर्वीच विचारा की ही शस्त्रक्रिया आणि प्लेट त्यात बसते का. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आणि म्हापसा, मडगावच्या जिल्हा रुग्णालयांतही हाडांचा विभाग आहे.

काहीही निवडलं तरी पडल्याबरोबर अंगठी आणि बांगड्या काढा, हात छातीच्या वर ठेवा, आणि पहिल्या दिवसापासून दर तासाला दहा वेळा मूठ पूर्ण वळवून उघडा. मनगट बरं झालं तरी बोटं आखडून बसतात, ती याच आळसामुळे. दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं, बोटं चकचकीत सुजली किंवा मुंग्या थांबेनात, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि पन्नाशीनंतरच्या बाईचं मनगट नुसत्या घसरण्याने मोडलं असेल, तर प्लास्टर निघण्याआधीच हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी ठरवून टाका. पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं.