सेकंडहँड जर्मन एसयूव्ही घेताय? आधी माझी फजिती वाचा

डीलरचं नाव आणि गाडीची कंपनी दोन्ही लिहिणार नाहीये, कृपया विचारू नका. गाडी वाईट नव्हतीच मुळात, पण ती नवीन असताना ज्याने घेतली त्याच्या खिशाच्या मापाने बनवलेली होती आणि मी पगारदार माणूस.

२०२१ चा दसरा जवळ आलेला. आमच्या साडूंनी नवी गाडी घेतली होती, त्यावरून घरात जे काय चालू होतं ते इथे सांगत बसत नाही, पण मी रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघायला लागलो. त्यात ही दिसली. २०१२ जानेवारीचं रजिस्ट्रेशन, ३ लिटर व्ही सिक्स डिझेल, सात सीटर, एअर सस्पेंशन, भलं मोठं सनरूफ, मीटरवर ५८ हजार, दिल्ली पासिंग, भाव १३ लाख. नवीन असताना ६० लाखांच्या घरातली गाडी हो! १३ लाखात तेव्हा नवीन क्रेटाचं मधलं मॉडेल यायचं. डोकं फिरलं माझं.

एवढी स्वस्त का, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही, डीलरने त्याचं उत्तरही खरंच दिलं. दिल्लीत तेव्हा १० वर्षांवरची डिझेल गाडी चालवायला बंदी होती, आधी २०१५ ला हरित लवादाचा आदेश आणि मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा, म्हणजे या गाडीचे तिथे तीनच महिने उरले होते. "सर, तिकडे कचरा आहे, इकडे सोनं आहे, डॉक्टरची गाडी, फर्स्ट ओनर, एक रुपयाचं काम नाही." अर्धं खरं सांगणारा माणूस किती पटतो ते तेव्हा कळलं नाही.

गाडी बघायला गेलो संध्याकाळी सहाला. चकाचक पॉलिश, चारी टायर नवीन, एसी आधीच लावून ठेवलेला. बॉनेट उघडायला हात ठेवला तर चांगलं गरम. मी विचारलं पण, तर म्हणाला आत्ताच एक पार्टी टेस्ट ड्राइव्ह घेऊन गेली, उद्या टोकन द्यायला येणार आहेत. आणि मी गाडवासारखा २५ हजार टोकन तिथेच दिलं.

त्या गरम बॉनेटखाली दोन गोष्टी लपल्या होत्या. एक म्हणजे टायमिंग चेन, इंजिनच्या आतल्या हालचाली एकमेकांशी जुळवून ठेवणारी साखळी. ती ताणून धरणारा टेन्शनर सैल झाला की गार इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड आवाज येतो, डब्यात खिळे हलवल्यासारखा, आणि मग ऑइलचं प्रेशर आलं की बंद. गरम इंजिनला बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. दुसरं एअर सस्पेंशन, म्हणजे चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेचे बलून. त्यातला एखादा बलून बारीक लीक असला तर चालू गाडीत कॉम्प्रेसर हवा भरत राहतो आणि गाडी ताठ उभी दिसते, लीक कळतो रात्रभर उभी ठेवल्यावर.

मला कळला तिसऱ्या दिवशी. पूजा झाली होती, ग्रिलवर झेंडूचं तोरण तसंच होतं. सकाळी वॉचमन बेल वाजवून म्हणतो, "साहेब, तुमची नवी गाडी पंक्चर झाली वाटतं." खाली जाऊन बघतो तर टायरमध्ये हवा आहे पण मागची उजवी बाजू पार खाली, मडगार्ड टायरवर टेकलंय, म्हैस मागच्या पायांवर बसावी तशी. स्टार्ट केली तर गुरगुर गुरगुर करत एक-दीड मिनिटात वर आली. डीलरला फोन केला तर म्हणाला सर हे नॉर्मल आहे, लक्झरी गाड्या रात्री आराम करतात. शब्दशः हे वाक्य.

महिन्याभरात कॉम्प्रेसरपण गेला, कारण लीक भरून काढायला तो सतत पळत होता. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चारी कोपरे आणि कॉम्प्रेसर मिळून पाच लाखाच्या वर कोटेशन आलं. बाहेरच्या गॅरेजमध्ये मागचे दोन बलून आणि रिबिल्ट कॉम्प्रेसर टाकून १ लाख ७२ हजारात भागवलं. पण त्या वर्कशॉपमध्ये एक काम झालं, सर्व्हिस ॲडव्हायजरने चासी नंबर टाकला आणि काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे फिरवली. शेवटची एंट्री २०१८ ची, दिल्लीतली, १ लाख ३१ हजार किलोमीटर. माझ्या मीटरवर तीन वर्षांनी ५८ हजार.

मीटर मारणं, म्हणजे किलोमीटरचा आकडा मागे फिरवणं, हे आता लॅपटॉप लावून काही मिनिटांचं काम आहे. बऱ्याच गाड्यांत हा आकडा मीटरशिवाय दुसऱ्या मॉड्यूलमध्ये, कधी चावीतसुद्धा साठवलेला असतो, तो पुसायचा राहून जातो. आणि एवढं कशाला, ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगचं लेदर आरशासारखं, ड्रायव्हर सीटची कड फाटून रंगवलेली, हे सगळं मी बघितलं होतं. ५८ हजारात पेडल झिजत नाही राव. चारी टायर नवीन का होते तेही आता कळतं, टायरवर शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, जुने टायर ठेवले असते तर हिशोब जुळला नसता.

मग पासिंग. दिल्लीची एनओसी आली होती, पण महाराष्ट्रात रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, २० लाखांवरच्या डिझेलला १५ टक्के, तो मोजायला सुरुवात मूळ किमतीपासून, जुनी म्हणून कमी होऊन सुद्धा ३ लाख ४० हजार आला. डीलर "सगळं इन्क्लुड आहे सर" म्हणाला होता, पण व्हॉट्सॲप कॉलवर. मेसेज एकही नाही. ॲग्रीमेंटमध्ये "गाडी जशी आहे तशी" असं वाक्य, खाली माझी सही.

पहिल्या पावसाळ्यात सनरूफ. त्याच्या चारी कोपऱ्यांतून पाणी जायला बारीक नळ्या असतात, त्या धुळीने तुंबतात. एका सकाळी ब्रेक दाबला की पायाखाली पचक पचक, कार्पेट वर केलं तर खाली फोमने दोन-तीन लिटर पाणी पिऊन ठेवलेलं, आणि त्याच्या बाजूला एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गंजून हिरवं पडलेलं. ६८ हजार. नळ्या साफ करायला खर्च म्हणाल तर जवळपास काहीच नाही.

चेनचं काम २०२३ ला केलं. या इंजिनला चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे, म्हणजे एका चेनसाठी अख्खं इंजिन बाहेर काढा. बिल २ लाख ८५ हजार, त्यात मजुरीच निम्म्याच्या आसपास. त्यात माझं ऑफिस वाकडहून सहा किलोमीटर, हिंजवडीचं ट्रॅफिक, गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होऊन लाइट लागायचा. काजळी जाळायला गाडी सलग वेगात पळायला लागते, म्हणून मी दर दोन रविवारी गाडीला हवापालट करायला एक्स्प्रेसवेने लोणावळ्याला घेऊन जायचो, एकटाच, कारण बायकोने तोपर्यंत त्या गाडीत बसणं सोडलं होतं.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ वर कंझ्युमर हेल्पलाइनला केली, वकिलाची नोटीस पाठवली, ती "पत्त्यावर कोणी नाही" म्हणून परत आली, गाळ्यात आता टाइल्सचं दुकान आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ती दोन वर्षं मी आता हे शेवटचं काम, आता हे शेवटचं काम करत घालवली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट लागतं, ते आधी मागून बघा, दाखवायला टाळाटाळ केली तर चहा पिऊन परत या.

आणि गाडी सकाळी बघा, आदल्या दिवशी फोन न करता. गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा स्कॅनर नेणारा मिस्त्री बरोबर घ्या, दोन-तीन हजार घेतो. कोड पुसलेले असतील तर गाडीच्या स्वतःच्या टेस्ट अपूर्ण दाखवतात, म्हणजे टेस्ट अपूर्ण आणि तरी एकही एरर नाही हीच शंकेची गोष्ट. चासी नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी काढल्याशिवाय टोकन नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाला चिखलाचा डाग बघा, पुरातल्या गाड्या पण याच बाजारात येतात.

मागच्या महिन्यात विकली. सगळी बिलं समोर ठेवून, खरं किलोमीटर सांगून. घेणारा सकाळी साडेसहाला न सांगता आला, नमस्कार नाही काही नाही, आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. गार होतं. ४ लाख २५ हजारला सौदा झाला. नाव ट्रान्सफर झाल्याशिवाय त्याच्या हातून काही झालं तर कागदावर मालक मीच, त्यामुळे रोज ॲपवर नंबर टाकून बघतोय. आज २६ वा दिवस, अजून माझंच नाव दिसतंय.