जुन्या हब मोटरला नवा कंट्रोलर : ३६ व्होल्टच्या ड्युअल मोड कंट्रोलरचे परीक्षण

इलेक्ट्रिक सायकलच्या मागच्या चाकातली ३६ व्होल्ट, २५० वॉटची गिअर्ड हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी, आत गिअर असलेली मोटर) ठणठणीत असताना तिला बॅटरीची वीज हवी तशी पुरवणारा कंट्रोलर मात्र निकामी होतो आणि मूळ कंपनीचा कंट्रोलर बाजारात मिळत नाही, तेव्हा ऑनलाइन दुकानांत दीड हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या आणि कोणत्याही मोटरला चालेल असे सांगून विकल्या जाणाऱ्या ड्युअल मोड (मोटरमधल्या सेन्सरसह आणि त्यांच्याविनाही चालणाऱ्या) कंट्रोलरकडे वळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. असा एक कंट्रोलर मी पुण्यात माझ्या सायकलवर बसवला असून एक पूर्ण पावसाळा धरून तो वापरला आहे. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण हाच माल वेगवेगळ्या स्टिकरांखाली अनेक जण विकत असतात. वस्तू म्हणून तो वाईट नाही. त्याच्यासोबत येणारी माहिती मात्र जवळजवळ शून्य आहे आणि खरेदीनंतरचा बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो.

मागणी नोंदवण्यापूर्वी जुना कंट्रोलरच खराब झाला आहे, मोटर नव्हे, याची खात्री करून घ्यावी. बॅटरी काढून ठेवल्यावर चाक हाताने फिरवताना अडखळत, जड फिरत असेल, तर कंट्रोलरमधले मॉसफेट (मोटरची वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाले असण्याची शक्यता असते. गिअर्ड मोटरमध्ये क्लच असल्यामुळे चाक पुढच्या दिशेने मोकळेच फिरते, म्हणून ही परीक्षा चाक मागच्या दिशेने फिरवून घ्यावी लागते. गिअरचा थोडा जडपणा तेव्हाही जाणवतो, पण टप्प्याटप्प्याने लागणारे झटके निराळे असतात. मग मोटरच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवून पुन्हा फिरवावे. झटके गेले तर दोष कंट्रोलरचा, राहिले तर मोटरच्या केबलचा किंवा गुंडाळीचा. केबल ॲक्सलमधून बाहेर पडते तिथे ती चेपलेली किंवा सोललेली नाही ना, हेही पाहावे, कारण तिथे वायरी एकमेकींना टेकत असतील तर नवा कंट्रोलरही पहिल्याच दिवशी जळू शकतो.

आता जोडणीकडे. मोटरमधून पिवळी, हिरवी आणि निळी अशा तीन जाड फेज वायरी (मोटरच्या गुंडाळ्यांना वीज नेणाऱ्या) येतात आणि हॉल सेन्सरच्या (मोटर कोणत्या स्थितीत आहे हे कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरच्या) पाच बारीक वायरी येतात, ज्यांत लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची आणि उरलेल्या तीन पुन्हा पिवळी, हिरवी, निळी अशा संकेतांच्या असतात. रंगाला रंग जोडला की काम झाले, असा समज सहज होतो. परंतु हे रंग सर्व उत्पादकांनी एकाच क्रमाने वापरावेत असे कोणतेही बंधन नाही. तीन फेज आणि तीन हॉल संकेत एकूण ३६ प्रकारे जोडता येतात. त्यांपैकी सहाच जोडण्या योग्य असतात आणि त्यांतल्याही तीन मोटर उलटी फिरवतात. चुकीच्या जोडणीत मोटर जागच्या जागी थरथरते, किंवा फिरते पण घरघर करत आणि भार नसतानाही भरपूर करंट खात फिरते. ही शेवटची स्थिती सर्वांत फसवी असते, कारण सायकल चालत राहते आणि मोटर व कंट्रोलर दोन्ही तापत राहतात. अधांतरी चाक फिरत असताना बॅटरीतून साधारण एक ॲम्पिअरच्या आसपास करंट जात असेल तर जोडणी योग्य समजावी. तो तीन-चार ॲम्पिअर असेल तर शोध पुढे चालू ठेवावा.

या कंट्रोलरची खरी किंमत वसूल होते ती इथे. त्याला दोन पांढऱ्या वायरींची ‘सेल्फ लर्निंग’ जोडी दिलेली आहे. चाक जमिनीपासून उचलून त्या दोन वायरी जोडल्या आणि वीज सुरू केली की कंट्रोलर स्वतःच योग्य क्रम शोधतो आणि मोटर फिरवू लागतो. दिशा उलटी असल्यास पांढरी जोडी सोडून पुन्हा जोडायची, आणि दिशा बरोबर आल्यावर ती कायमची सोडवून टेप लावून ठेवायची. मोटर गुणगुणते आहे पण चाक मात्र स्थिर आहे असे दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही: मोटर आत उलटी फिरत असून क्लच सुटलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मोटरशी हे सगळे विनातक्रार जुळले. आजच्या बहुतेक हब मोटरींचे हॉल सेन्सर १२० अंशांच्या मांडणीचे असतात. काही जुन्या मोटरी ६० अंशांच्या असतात आणि त्या ओळखण्याची खूण अशी की चाक सावकाश फिरवताना तिन्ही संकेत एकाच वेळी चढलेले किंवा एकाच वेळी उतरलेले सापडतात. १२० अंशांच्या मांडणीत असे कधीच होत नाही.

ड्युअल मोड या सोयीबद्दल माझे मत तितके चांगले नाही. हॉल सेन्सर बंद पडले तरी हा कंट्रोलर त्यांच्याविना मोटर चालवतो, आणि रस्त्यात अडकण्यापेक्षा ते केव्हाही बरे; पण त्यामुळे सेन्सर बिघडल्याचे चालवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. सिग्नलवरून निघताना मोटर धडधडू लागली आणि दोन पेडल मारल्यावर सुरळीत झाली, तर मल्टिमीटर काढावा. वीज सुरू ठेवून चाक मागे फिरवताना प्रत्येक संकेत शून्य आणि पाच व्होल्टच्या जवळपास आलटून पालटून जात नसेल, तर तो सेन्सर किंवा त्याची वायर गेलेली आहे.

सर्वांत मोठी तक्रार कनेक्टरांची आहे. माझ्या मोटरला नऊ पिनांचा गोल, पाणी न शिरणारा कनेक्टर होता, तर या कंट्रोलरला सुट्या बुलेट पिना आणि सहा खाचांचा पांढरा प्लॅस्टिक कनेक्टर. डिस्प्लेचा प्रकार त्याहून गंभीर आहे. पाच वायरींच्या कनेक्टरचा एकच आकार वेगवेगळ्या कंपन्या वापरतात, मात्र वायरींचा क्रम आपापला ठेवतात. त्यातल्या एका वायरीवर बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज असते आणि दोन वायरींवर केवळ पाच व्होल्टचे संदेश असतात. कनेक्टर बसला म्हणून दाबला आणि ते पूर्ण व्होल्टेज संदेशाच्या वायरीवर गेले, तर डिस्प्ले आणि कंट्रोलर दोन्ही एका क्षणात संपू शकतात. क्रम जुळला तरी संदेशांची भाषा जुळेलच असे नाही. डिस्प्ले सोडून देऊन इग्निशनची (कंट्रोलर चालू करणारी) बारीक वायर चावीच्या स्विचमधून बॅटरीच्या धन टोकाला जोडणे, हा मार्ग मी पत्करला. बॅटरी किती उरली हे हँडलवर दिसण्याची सोय त्यात जाते.

स्टिकरवर कमाल १५ ॲम्पिअर लिहिलेले आहे, आणि पूर्ण भरलेल्या ४२ व्होल्टच्या बॅटरीवर ते सव्वासहाशे वॉटच्या पुढे जाते. कात्रजच्या चढावर ही शक्ती सुखावते खरी, परंतु लहान मोटरमधले नायलॉनचे गिअर आणि बॅटरीतले बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) दोघांनाही ती झेपली पाहिजे. बीएमएसची मर्यादा याहून कमी असेल तर ऐन चढावर वीज एकदम जाते आणि दोष विनाकारण मोटरवर ढकलला जातो. ४८ व्होल्टची बॅटरी जोडून वेग वाढवण्याचा मोह तर टाळावाच. ती पूर्ण भरली की ५४.६ व्होल्ट देते, आणि आतले कपॅसिटर ५० व्होल्टचे निघाले तर ते फुगतात. शिवाय नोंदणीविना चालवता येणाऱ्या सायकलीसाठी आपल्याकडे २५० वॉटची आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहेच.

थ्रॉटल आणि ब्रेक लिव्हर यांनी काही त्रास दिला नाही. पूर्ण जोडणीनंतरही मोटर गप्प राहिली, तर आधी ब्रेकचा कनेक्टर काढून पाहावा, कारण अडकलेला कटऑफ (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच) हे त्यामागचे नेहमीचे कारण असते. थ्रॉटलचा संकेत सोडलेल्या स्थितीत एका व्होल्टच्या आत आणि पूर्ण पिळल्यावर चारच्या आसपास यायला हवा. पावसाचा विचार मात्र उत्पादकाने केलेला नाही. वायरी बाहेर पडतात ते तोंड खाली राहील अशा बेताने डबी बसवली आणि तिथे सिलिकॉन भरले, तरच ती टिकते.

मल्टिमीटर हाताळता येणाऱ्याने हा कंट्रोलर अवश्य घ्यावा. इतरांनी मोटर, कंट्रोलर आणि डिस्प्ले असा पूर्ण संच एकाच दुकानातून घेणे स्वस्त पडेल, कारण तपकीर गल्लीतल्या (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या) कारागिराची मजुरी आणि अॅडॉप्टर केबल धरली की फरक फारसा उरत नाही. वायर कापल्यावर विक्रेते माल परत घेत नाहीत, म्हणून कात्री लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या कनेक्टरांचे फोटो काढावेत आणि विक्रेत्याकडून वायरींचा क्रम लेखी मागून घ्यावा. मला तो दोनदा विचारल्यावर एका अस्पष्ट चित्राच्या रूपात मिळाला आणि त्यातही इग्निशनच्या वायरीचा रंग चुकलेला होता.