कुत्र्याला हाडं घालावी का? भुऱ्यासोबतचे नऊ महिने

आधीच सांगून टाकतो, शिजवलेलं हाड आता आमच्या घरून कुत्र्याला जात नाही. कोंबडीचं तर नाहीच नाही. कच्च्या हाडाचं उत्तर एवढं सरळ नाही, म्हणून हे लांबण.

भुऱ्या आमच्या वावरातला गावरान कुत्रा. वय चारेक वर्षं, वजन १८ किलो. रात्री तुरीत रानडुकरं नि रोही शिरू नयेत म्हणून मचाणाखाली जागलीला असतो. खाणं म्हणजे ज्वारीच्या कण्या, ताक, शिळी पोळी आणि घरी मटन झालं की ताटातली हाडं. गेल्या पोळ्याच्या करीला गावरान कोंबडा शिजला आणि सवयीनं सगळी हाडं त्याच्यापुढे गेली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाठीची कमान करून कुंथतोय. बाहेर पडतंय काय, तर खडूसारखा पांढरा कोरडा चुरा आणि शेवटी रक्ताचे दोन थेंब. तिसऱ्या दिवशी त्यानं कण्यांना तोंड लावलं नाही, तेव्हा मोटारसायकलवर मधे धरून तालुक्याला नेला.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, एनिमा दिला, आणि गच्च बसलेला तो चुरा तासाभरात निघाला. म्हणाले, "सुटलास. ओकाऱ्या लागून पोट ताठ झालं असतं, तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं लागलं असतं." हाडाच्या टोकानं आतड्याला भोक पडलं की ऑपरेशनशिवाय गत नाही. वरून रस्शाचंही ऐकवलं. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि आमच्या रस्शात तर कांद्याचंच वाटण!

घरी येऊन मी तंगडीची दोन हाडं घेतली, एक कच्चं, एक रस्शातलं. कच्चं वाकवलं तर आधी थोडं लवलं, मग चिवटपणे चिरत गेलं. शिजलेलं कट्‌कन मोडलं आणि त्याचं टोक बाभळीच्या काट्यासारखं माझ्याच अंगठ्यात गेलं. हाडाला लवचीक ठेवणारं कोलॅजन शिजताना सुटून जातं, मागं खनिजांचा ठिसूळ सांगाडा उरतो. कोंबडीची लांब हाडं त्यात पोकळ, म्हणून त्यांची उभी छिलकी निघतात.

बाबांचं म्हणणं ठरलेलं. "आमच्या बुढ्याचे कुत्रे जलमभर हाडं खाऊनच जगले ना!" मीही हेच म्हणायचो. पण आठवून पाहिलं. लहानपणापासून आमच्या गोठ्यात तीन कुत्रे दोन-तीन दिवस न खाता, पोट आवळून मेले. दरवेळी गावानं सांगितलं, कुणीतरी औषध घातलं. पोट फाडून कुणी पाहिलं होतं?

दिवाळीनंतर कच्च्याचा प्रयोग सुरू केला. आठवड्यातून एकदा खाटकाकडून बकऱ्याचं मानेचं नाहीतर सांध्याचं मोठं हाड, अंगावर थोडं मांस असलेलं. वीस मिनिटं चघळू द्यायचं आणि काढून घ्यायचं. (पहिल्या दिवशी काढताना गुरगुरला. तेव्हापासून भाकरीचा तुकडा दाखवूनच काढतो.) दोन महिन्यांत दाढांवरचा पिवळा थर कमी झाला, हे खरं. शौचही बरी होती. मी खुशीत होतो.

मग जानेवारीत हौसेनं एक जाड नळी दिली. आठवड्यानं बघतो तर वरच्या मोठ्या दाढेची कपची उडालेली. आतला गुलाबी ठिपका दिसत होता आणि तो एकाच बाजूनं खात होता. दाढ काढावी लागली. डॉक्टरांनी तेव्हा खूण सांगितली, अंगठ्याचं नख दाबून खाच पडत नसेल ते चघळायला द्यायचं नाही. ही कसोटी लावली की नळी पहिल्याच फेरीत बाद.

त्यांनी आणखी एक विचारलं, जे माझ्या डोक्यातच नव्हतं. "खाटीक कच्चं काळीज, फोपसं टाकतो का याला?" टाकतो की! हाडाच्या पिशवीत फुकटच येतं. त्यात पाण्याचे फोड असतील तर कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती आपल्या पोटात गेली की तसेच फोड माणसाच्या काळजात, म्हणजे यकृतात, धरतात. कच्च्या मांसातले साल्मोनेलासारखे जंतू वेगळेच. माझी पाच वर्षांची पोरगी भुऱ्याच्या गळ्यात पडून खेळते. त्या दिवसापासून कच्चंही बंद. आता वेळेवर जंताचं औषध.

भाचा नागपूरहून पाकिटातलं भाजलेलं हाड घेऊन आला होता, ते परत दिलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० मध्ये कुत्र्यांना हाडं देऊ नका म्हटलं आणि २०१७ मध्ये या पाकिटवाल्यांबद्दलही सावध केलं, हे मी नंतर वाचलं. कुकरात दहा शिट्ट्या काढूनही पाहिल्या. बारीक हाडं चुरतात, जाड हाडाचा गाभा तसाच राहतो, आणि तो चुरा खाऊनही पोट गच्च होतंच.

आता हाडं कांदा-मिठाशिवाय उकळतो, गाळणीतून दोनदा गाळतो आणि ते पाणी कण्यांवर ओततो. भुऱ्या वाडगं चाटून उलटं करतो. उरलेली हाडं बांधावर गुडघाभर खड्ड्यात, वर दगड. पहिल्यांदा दगड नव्हता, तर यानंच उकरून काढली होती.

धुळवडीला मात्र त्याला दुपारपासून गोठ्यात बांधून ठेवला. आमची हाडं पुरली, पण त्या दिवशी गल्लीत सात घरी मटन शिजत होतं आणि सगळ्यांचाच भुऱ्यावर जीव आहे.